कोशाची मुदत

बँकेतील छत्तीस वर्षांच्या नोकरीत मी एक शिस्त कटाक्षाने पाळली. ज्या गोष्टीची खात्री नाही, ती ग्राहकाला सांगायची नाही. कोणी व्याजाचा दर विचारला तर आधी परिपत्रक उघडून पाहावे, मगच तोंड उघडावे. निवृत्तीनंतर मात्र ही शिस्त माझ्याकडून एकदा मोडली गेली. ज्या ग्राहकासमोर ती मोडली, तो अवघ्या सहा वर्षांचा होता: माझी नात. त्या चुकीची किंमत एका लहानशा जिवाने मोजली. आपल्यापैकी अनेकांची मुले-नातवंडे आज परदेशी आहेत आणि त्यांच्या प्रश्नांना उत्तरे देण्याचा प्रसंग आपणा सर्वांवरच येतो, म्हणून ही हकिकत येथे मांडत आहे.

तीन वर्षांपूर्वी ऑगस्टच्या आरंभी आम्ही उभयता मुलाकडे न्यू जर्सी राज्यातील एडिसन येथे गेलो. सासूबाईंना आवडतो म्हणून सूनबाईने परसात हौसेने शेपूचा वाफा केला होता. परंतु चातुर्मास सुरू झालेला. सौभाग्यवती त्या चार महिन्यांत पालेभाजी खात नाही. पावसाळ्यात पानोपानी बारीक जीव असतात, म्हणून घरात पूर्वापार चालत आलेला हा नेम. “आई, इथे कुठे आपला पावसाळा आहे?” असे मुलाने गमतीने विचारले. त्यावर “नेम पावसाचा नाही, माझा आहे,” असे उत्तर मिळाले आणि विषय संपला. शेपू कोणी खुडला नाही. तो कमरेएवढा वाढला आणि त्यावर पिवळ्या फुलांच्या छत्र्या उघडल्या.

सप्टेंबरात एके सकाळी नात धावत आली. शेपूच्या देठांवर सहा सुरवंट होते. अंगावर हिरवे-काळे पट्टे आणि काळ्या पट्ट्यांत पिवळे ठिपके. तिने गवताच्या काडीने एकाला हळूच स्पर्श केला, तोच त्याच्या डोक्यामागून नारिंगी रंगाचे दुहेरी शिंग बाहेर आले आणि उग्र वास सुटला. शत्रूला घाबरवण्याची ही त्याची युक्ती. नात दचकून मागे सरली आणि मग खळखळून हसली. सौभाग्यवती एवढेच म्हणाली, “पाहा, पालेभाजीचा नेम उगाच नाही.”

हे सुरवंट ब्लॅक स्वॉलोटेल नावाच्या फुलपाखराचे, हे मुलाने शोधून सांगितले. शेपू, बडीशेप, पार्सली, गाजराचा पाला हे त्यांचे आवडते अन्न. हेच न्यू जर्सीचे राज्य फुलपाखरू आहे आणि तसे ते २०१६ साली घोषित झाले. आपल्या महाराष्ट्राने त्याआधी, २०१५ मध्ये, ब्लू मॉर्मन या फुलपाखराला तो मान दिला होता. दोन्ही फुलपाखरे एकाच कुळातील. हे ऐकून नातीने लगेच निकाल दिला, “म्हणजे ती चुलत बहिणी आहेत.” सांगलीच्या आमच्या जुन्या वाड्यातील लिंबाच्या झाडावर लहानपणी मी असेच सुरवंट पाहिले होते. साठ वर्षांत त्यांच्याकडे पुन्हा निरखून पाहण्याची सवड मला झाली नव्हती.

काही दिवसांत पाच सुरवंट दिसेनासे झाले. बहुधा पक्ष्यांनी नेले असावेत. सहावा मात्र टोमॅटोला आधार म्हणून रोवलेल्या बांबूच्या काठीवर चढला. विजेच्या खांबावर वायरमन जसा कमरेला पट्टा बांधून मागे रेलतो, तसा एक रेशमी धागा कमरेभोवती घेऊन तो रेलून बसला. दुसऱ्या दिवशी सुरवंटाच्या जागी वाळक्या काटकीच्या रंगाचा कोश होता. नातीने त्याच्याशेजारी एक गोटा मांडून ठेवला, म्हणजे जागा चुकायला नको.

नोव्हेंबर आला. झाडे उघडी पडली. एका संध्याकाळी नातीने विचारले, “आबा, थंडीत फुलपाखरं कुठे जातात?”

मी वर्तमानपत्र वाचत होतो. मान वर न करता म्हणालो, “सगळी गरम देशात जातात, बाळ.”

“मग हे का नाही गेलं?”

याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. ‘मला ठाऊक नाही, उद्या शोधू,’ असे म्हणायला हवे होते. त्याऐवजी मी म्हणालो, “ते बिचारं मागे राहून गेलं.”

वाचकहो, चूक घडली ती याच वाक्यात. जो जीव आपल्या ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी, सर्व सिद्धता करून स्थिर बसला होता, त्याला मी एका वाक्यात अनाथ करून टाकले.

डिसेंबरात पहिले हिमपात झाले. नात खिडकीशी उभी होती, दुधाचा पेला तसाच. “त्याला थंडी वाजत असेल, आबा.” तिच्या डोळ्यांतले पाणी पाहून माझ्याने राहवेना. पायात बूट चढवून मी बाहेर गेलो, काठी अलगद उपटली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत एका मोठ्या बरणीत उभी केली. घरातील उबेत कोश सुरक्षित झाला, या समाधानाने त्या रात्री आम्ही सारे सुखाने झोपलो. जीवदयेचे एक लहानसे काम आपल्या हातून घडले, असेच मला वाटत होते.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात, बाहेर फूटभर बर्फ साचलेले असताना, कोश उघडला. काळ्याभोर पंखांवर पिवळ्या ठिपक्यांची किनार आणि खालच्या पंखांवर निळ्या रंगाची पखरण. पहिला तास घरात उत्सव होता. मग पंख वाळले आणि ते उडाले, ते थेट खिडकीच्या काचेकडे. पलीकडे ना फूल होते, ना पान, ना त्याच्या जातीचे दुसरे फुलपाखरू. आम्ही साखरेच्या पाण्यात कापूस भिजवून ठेवला. कधी ते सोंड लावी, कधी नाही. दिवसभर काचेवर आपटण्याचा हलका आवाज येत राही. सहाव्या दिवशी तो थांबला.

नातीने ते एका लहान डबीत ठेवले. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग तिने विचारले, “आबा, त्याला कोणी उठवलं?”

या वेळी मी वर्तमानपत्र वाचत नव्हतो. म्हणालो, “मी उठवलं, बाळ. मला माहीत नव्हतं, आणि माहीत नाही हे मी तुला सांगितलं नाही.”

बँकेच्या खातेवहीत चुकीची नोंद खोडून टाकण्याची मुभा नसे. चूक दिसेल अशी ठेवून, शेजारी दुरुस्ती लिहून, खाली सही करावी लागे. भारतात परतायला नऊ दिवस उरले होते. दुसऱ्याच सकाळी नातीचा हात धरून मी गावच्या सार्वजनिक ग्रंथालयात गेलो. ग्रंथपाल बाईंनी आम्हाला बालविभागात बसवले. मुलांसाठी असलेल्या ठेंगण्या खुर्चीवर बसून एम. कॉम. झालेला हा गृहस्थ पहिल्यांदा फुलपाखरांचा धडा शिकला.

पहिली गोष्ट ही, की सगळी फुलपाखरे गरम देशात जात नाहीत. दूर जाणाऱ्यांत सर्वांत प्रसिद्ध मोनार्क. शरद ऋतूत कॅनडा आणि अमेरिकेच्या पूर्व भागातून निघून ती मेक्सिकोतील मिचोआकान परिसराच्या डोंगरांवर जातात. काहींचा प्रवास चार हजार किलोमीटरपर्यंत होतो. तेथे सुमारे तीन हजार मीटर उंचीवर ओयामेल नावाच्या सूचिपर्णी वृक्षांवर ती लाखोंच्या संख्येने लगडून बसतात. कॅनडाचे प्राणिशास्त्रज्ञ फ्रेड अर्कहार्ट यांनी कित्येक दशके मोनार्कच्या पंखांवर कागदी चिठ्ठ्या लावून त्यांचा माग काढला. अखेर जानेवारी १९७५ मध्ये त्यांचे साहाय्यक केन ब्रगर आणि कॅटालिना आग्वादो त्या डोंगरावर पोहोचले आणि ही जागा शास्त्रज्ञांना कळली. स्थानिक गावकऱ्यांना मात्र दरवर्षी येणारे हे पाहुणे आधीपासूनच परिचित होते. उन्हाळ्यात जन्मलेले मोनार्क काही आठवडेच जगते, पण प्रवासाला निघणारी पिढी आठ महिन्यांपर्यंत तग धरते.

बाकीची बहुतेक फुलपाखरे घर सोडत नाहीत. फुलपाखराच्या आयुष्याच्या चार अवस्था आपण शाळेत पाठ केलेल्या असतात: अंडे, सुरवंट, कोश आणि पंखधारी फुलपाखरू. प्रत्येक जात यांपैकी स्वतःची एक अवस्था निवडून त्यात हिवाळा काढते, हे मात्र मला कोणी शिकवले नव्हते. हेअरस्ट्रीक गटातील कित्येक फुलपाखरे फांद्यांवर चिकटवलेल्या अंड्यांच्या रूपात थांबतात. व्हाइसरॉयचा इवलासा सुरवंट पानाची सुरळी करतो, ती गळून पडू नये म्हणून देठ रेशमाने फांदीला बांधतो आणि आत शिरून बसतो. ब्लॅक स्वॉलोटेल कोशात थांबते. आणि मोर्निंग क्लोक नावाचे तपकिरी पंखांचे, पिवळ्या काठाचे फुलपाखरू तर पूर्ण वाढलेल्या अवस्थेतच झाडाच्या सालीखाली दडून राहते. फेब्रुवारी-मार्चच्या एखाद्या उबदार दुपारी, जमिनीवर बर्फ असतानाही, ते बाहेर पडून झाडाचा रस पिताना दिसू शकते.

दुसरी गोष्ट थंडी सोसण्याची. पाण्याचा बर्फ होताना त्याचे स्फटिक नाजूक शरीर आतून फाडू शकतात. म्हणून हिवाळ्याआधी अनेक कीटक शरीरातील पाण्याचा अंश कमी करतात आणि ग्लिसरॉलसारखी द्रव्ये साठवतात. हे ग्लिसरॉल म्हणजे आपण थंडीत फुटलेल्या ओठांना लावतो तेच ग्लिसरीन. ते असले की शून्याखालीही द्रव सहजासहजी गोठत नाही.

तिसरी गोष्ट मला सर्वाधिक लागली. थंडी पडल्यावर कोश झोपी जातो, असे नाही. सप्टेंबरात, हवा अजून उबदार असतानाच, सुरवंट दिवसाची लांबी वाचतो. दिवस आखूड होऊ लागले की त्याच्या शरीरात निर्णय होतो: पुढचा कोश लगेच उघडायचा नाही. आणि एकदा थांबला की तो पुन्हा चालू होण्यासाठी दीर्घ थंडी लागते. थंडीचे आठवडे भरल्यावर जी ऊब येते, तिला तो वसंत समजतो. आमच्या कोशाने डिसेंबरापर्यंत काही आठवडे थंडी सोसली होती. मग अचानक स्वयंपाकघराची ऊब मिळाली. त्याचा हिशेब चुकला नव्हता. मी त्याच्यापुढे खोटा वसंत उभा केला होता.

आयुष्यभर ग्राहकांना मी सांगत आलो, की मुदत ठेव मुदतीपूर्वी मोडू नका, नुकसान तुमचेच आहे. येथे ठेव दुसऱ्याची होती आणि मोडली मी.

पुढच्या वर्षी सप्टेंबरात आम्ही पुन्हा गेलो. तेथील रविवारच्या पाठशाळेत वडीलधाऱ्यांनी मुलांसाठी अर्धा तास द्यावा अशी प्रथा आहे. माझी पाळी आली तेव्हा मी हाच विषय घेतला. समोर पाच ते आठ वर्षांची नऊ मुले होती. या वयाच्या मुलांना काय उमगते आणि काय नाही, हे मला त्या काही रविवारांनी शिकवले. माझा अनुभव कोणास उपयोगी पडावा म्हणून थोडक्यात सांगतो.

पहिल्या दिवशी मी काहीच शिकवले नाही. केवळ विचारले, “थंडीत फुलपाखरं कुठे जात असतील?” आणि प्रत्येकाचे उत्तर फळ्यावर लिहून घेतले. कोणी म्हणाले, फ्लोरिडाला. कोणी म्हणाले, जमिनीत. एक जण म्हणाला, मरतात. सर्वांत लहान मुलगी म्हणाली, “त्यांची आई त्यांना आत बोलावते.” फळ्यावरचे एकही उत्तर मी पुसले नाही. पुढील रविवारी त्यांतील किती खरी निघाली, ते मुलांनीच तपासले आणि त्यांना आश्चर्य वाटले, की बरीचशी कोणत्या ना कोणत्या जातीपुरती खरी होती. दडणारी होती, प्रवास करणारी होती, आणि थंडीत न टिकणारीही होती.

ग्लिसरीनची गोष्ट सांगून समजत नाही, दाखवावी लागते. एका वाटीत नुसते पाणी, दुसरीत निम्मे पाणी आणि निम्मे ग्लिसरीन अशा दोन वाट्या फ्रीजरमध्ये रात्रभर ठेवल्या. सकाळी पहिलीत दगडासारखा बर्फ, दुसरी वाटी तिरकी केली तर द्रव ओघळला. दुसऱ्या वाटीवर बोट ठेवून एक मुलगा हळूच म्हणाला, “हा कोश आहे.” मला अधिक काही सांगावे लागले नाही.

दिवसाची लांबी कळावी म्हणून फ्रिजच्या दारावर दिनदर्शिका लावली. दर शनिवारी सूर्य मावळण्याची वेळ मुलांनी आपापल्या घरी लिहायची. ऑगस्टच्या आरंभी आठच्या सुमारास मावळणारा सूर्य डिसेंबरात साडेचारच्या सुमारास जातो. नोव्हेंबरात तेथे घड्याळे एक तास मागे घेतात, तो एक तास मुलांनी प्रामाणिकपणे वजा केला. तरीही दिवस किती आखडला हे आकड्यांतून दिसले. “हे सुरवंटाला घड्याळाशिवाय कळतं?” असा प्रश्न आला. मी “हो” म्हणालो आणि माझ्या स्वरात त्यांच्याइतकेच नवल होते.

‘झोप’ हा शब्द मात्र मी टाळला. झोपलेल्याला उठवावेसे वाटते. त्याऐवजी आम्ही ‘थांबणे’ म्हणत असू. थांबलेला जीव काम करत नाही असे नाही. तो आपली शिदोरी अगदी थोडी थोडी खर्च करत असतो.

एका मुलाने विचारले, “सगळे वाचतात का?” मी खरे सांगितले: नाही. पुष्कळ मरतात, म्हणूनच मादी पुष्कळ अंडी घालते. वर्गात क्षणभर शांतता पसरली. तेव्हा माझी नात उठली आणि आपल्या घरच्या कोशाची गोष्ट तिने सर्वांना सांगितली. “आम्ही त्याच्यावर प्रेम केलं, पण आम्हाला माहीत नव्हतं,” या शब्दांत तिने ती संपवली. माझा दोष तिने ‘आम्ही’ म्हणून वाटून घेतला होता.

त्या शरदात परसातील पालापाचोळा गोळा करण्याचे काम माझ्याकडे होते. माझी प्रवृत्ती नीटनेटकेपणाची. एकही पान राहू नये, अशी. परंतु त्या पाचोळ्यात, वाळक्या देठांवर किती जीव हिवाळा काढत असतात हे आता ठाऊक झाले होते. कुंपणालगतचा एक कोपरा तसाच ठेवू, असे मी मुलाला सुचवले. हिरवळीची काळजी असलेल्या मुलाने थोडी कुरकुर केली, पण मान्य केले. शेपूचे वाळलेले देठही उभेच राहिले. त्या वर्षी सुरवंट नऊ आले, कोश दोन झाले. एक कुंपणाच्या फळीवर, दुसरा पुन्हा बांबूच्या काठीवर.

हिमपात झाला तेव्हा नात खिडकीशी उभी राहिली. मी काही बोललो नाही. थोड्या वेळाने तीच म्हणाली, “त्याला थंडी हवीय, आबा.” मग ती दूध प्यायला गेली.

मार्चमध्ये आम्ही सांगलीस परतलो. आपल्याकडे बर्फ नाही, कडक ऋतू आहे तो कोरडा. येथील फुलपाखरेही त्याची तजवीज करतात. कॉमन इव्हिनिंग ब्राऊन हे आपल्याकडचे साधे फुलपाखरू पावसाळ्यात पंखांवर ठसठशीत डोळे मिरवते आणि कोरड्या ऋतूत जन्मलेली त्याची पिढी हुबेहूब वाळक्या पानासारखी दिसते. दक्षिण भारतातील ब्लू टायगरसारखी फुलपाखरे पावसाच्या ऋतूंनुसार पश्चिम घाट आणि पूर्वेकडील प्रदेश यांच्यात ये-जा करतात. हे सारे माझ्या दाराशी होते. ते पाहण्यासाठी मला अमेरिकेपर्यंत जावे लागले, याची थोडी लाज वाटते.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी दूरध्वनी आला. तेथे सकाळ होती. नातीने कॅमेरा काठीकडे धरला होता. कोश फुटलेला, आणि त्याच्या वर एक ओले, सुरकुतलेले फुलपाखरू पंख पसरत होते. फळीवरचा दुसरा कोश काळा पडला होता, तो उघडला नाही. तेही तिने दाखवले, लपवले नाही. सुमारे तासाभराने फुलपाखरू उडाले. कुंपणापलीकडे गेले आणि दिसेनासे झाले.

“आबा, ह्याला कोणी उठवलं?” तिने विचारले.

“तूच सांग.”

“कोणीच नाही. त्याची वेळ झाली.”

आपल्या घरांतून दया मुलांना निराळी शिकवावी लागत नाही. ती त्यांच्या ठायी असतेच. परंतु दयेचा हात पुढे करण्यापूर्वी समोरच्या जिवाला काय हवे आहे हे विचारून घेण्याची, आणि ठाऊक नसेल तर ‘ठाऊक नाही’ म्हणण्याची सवय मात्र आपण वडीलधाऱ्यांनी लावायची असते. माझ्याकडून ती राहिली होती. उशिरा का होईना, दुरुस्तीची नोंद झाली. खाली सही माझी असली, तरी हस्ताक्षर नातीचे आहे.